पासवर्ड मॅनेजर निवडताना आधी ‘फेऱ्या’ किती ते बघा

२०२५ च्या जूनमध्ये ‘१६ अब्ज पासवर्ड लीक’ अशी बातमी आली आणि फॅमिली ग्रुपवर लगेच ‘आत्ताच्या आत्ता जीमेलचा पासवर्ड बदला’ छापाचे फॉरवर्ड सुरू झाले. जगात माणसंच मुळात ८ अब्ज आहेत, त्यामुळे या आकड्यावर तिथेच भुवया उंचवायला हव्या होत्या. गूगल किंवा ॲपल फुटलं नव्हतं, लोकांच्या कम्प्युटरमधून इन्फोस्टीलर नावाच्या व्हायरसांनी उचललेल्या आणि जुन्या लीकमधल्या याद्यांचा तो ढीग होता, त्यातही बरंच काही डबल-डबल. पण त्यानिमित्ताने लोक विचारायला लागले की पीसीवर पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं ॲप) कुठला टाकू, आणि पाठोपाठ ठरलेली शंका, की सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवले आणि तेच हॅक झालं तर?

शंका रास्त आहे. माझं म्हणणं असं की ते हॅक होणारच हे धरूनच निवड करा.

कारण हे झालेलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरवाल्या कंपनीकडून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या, बॅकअप कॉपीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारे, होते, पण कुठल्या वेबसाइटचे आहेत ते पत्ते उघडेच होते. आता चोर ती फाइल घरी नेऊन निवांत अंदाज मारत बसू शकतो, तिथे ‘तीन वेळा चुकलात, २४ तासांनी या’ म्हणणारं कोणी नाही. मग वाचवतं काय? एक तुमचा मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा एकमेव पासवर्ड, आणि दुसरं, त्या पासवर्डपासून चावी कशी बनवतात ती पद्धत. ही दुसरी गोष्ट मला भयंकर आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हॉल्टला कुलूप असतं एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीचं, आणि ते आजपर्यंत कोणी फोडलेलं नाही. त्याला लागते २५६ बिटांची चावी, आणि तुम्ही देता ‘गणेश@१९८५’. मधलं काम हॅश फंक्शन करतं, काहीही टाका, ठरावीक लांबीचा गिचमिड आकडा बाहेर येतो, एक अक्षर बदललं तर पूर्ण वेगळा येतो आणि उलटं जाता येत नाही. अडचण एवढीच की हॅश फार फास्ट आहे. आरटीएक्स ४०९० सारखं गेमिंगचं एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे २ हजार कोटी एसएचए-२५६ (हॅशचा एक नेहमीचा प्रकार) हॅश काढतं. समजा चोराने १ लाख नावं घेतली, प्रत्येकापुढे १०० वर्षं लावली आणि @, #, कॅपिटल वगैरे १० प्रकार केले, तर झाले १० कोटी अंदाज. सेकंदाच्या दोनशेव्या भागात खेळ खल्लास.

म्हणून मुद्दाम स्लो करायचं! हॅश काढला की तो परत हॅशमध्ये घालायचा, परत घालायचा, असं लाखो वेळा. याला पीबीकेडीएफ२ म्हणतात, आणि या ज्या फेऱ्या त्या म्हणजे इटरेशन्स. ओवॅस्प ही सिक्युरिटीवाली संस्था एसएचए-२५६ साठी ६ लाख फेऱ्या सुचवते. तुम्हाला व्हॉल्ट उघडताना सेकंदभर किंवा त्याहूनही कमी थांबावं लागतं, कळतही नाही, पण चोराला प्रत्येक अंदाजाला तेवढीच मेहनत, त्याचं कार्ड सेकंदाला १५ हजार अंदाजांच्या आसपास येऊन बसतं. तरी ‘गणेश@१९८५’ दोन तासांच्या आत जातोच म्हणा, १० कोटी भागिले १५ हजार करून बघा. त्याऐवजी ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून (पाच फासे, म्हणून ६ चा पाचवा घात) निवडलेले चार शब्द घेतले तर सगळी कॉम्बिनेशन्स संपवायला त्या कार्डाला साडेसात हजार वर्षं लागतात. चोराकडे हजार कार्डं असली तर साडेसात वर्षं, म्हणून पाच शब्द घ्या. शब्द फाशांनीच निवडायचे, मनाने निवडले की सगळ्यांचे तेच तेच येतात.

लास्टपासची खरी गोची इथेच होती. नवीन खात्यांना फेऱ्या १,००,१०० होत्या, पण कित्येक जुनी खाती ५,००० वरच राहून गेली होती, कोणी वाढवलीच नाहीत.

पीबीकेडीएफ२ चा एक तोटा म्हणजे त्याला मेमरी जवळजवळ लागत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे हजारो छोटे कोअर एकदम कामाला लावता येतात. यावर उतारा म्हणजे आर्गॉन२, पासवर्ड हॅशिंगची जी स्पर्धा २०१५ मध्ये संपली तिचा विजेता, लक्झेंबर्ग युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी बनवलेला. तो प्रत्येक अंदाजाला समजा ६४ एमबी मेमरी मागतो आणि तिच्यात मागेपुढे उड्या मारत राहतो. २४ जीबीच्या कार्डावर मग एका वेळी जेमतेम ३८४ अंदाज मावतात, बाकीचे कोअर बसून राहतात.

म्हणून ‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’ या जाहिरातीला भुलू नका, एईएस तर बहुतेक सगळेच वापरतात. आणि अंकशास्त्रवाल्यांचा लकी नंबर पासवर्डला जोडणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की जन्मतारखेतून निघालेला आकडा चोरालाही तितकाच लकी असतो.

माझी निवड सांगतो. एकच पीसी असेल तर कीपासएक्ससी, फुकट, ओपन सोर्स, फाइल तुमच्याच डिस्कवर, फक्त तिचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेत जा. त्याच्या सेटिंगमध्ये फेऱ्यांच्या आकड्याऐवजी ‘डिक्रिप्शन टाइम’ची पट्टीच आहे, सरकवा आणि १ सेकंद ठेवा. मोबाइलशी सिंक हवं असेल तर बिटवॉर्डन, त्यात नव्या खात्याला ६ लाख फेऱ्या असतात आणि आर्गॉन२ही निवडता येतो, पण खातं जुनं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आकडा एकदा बघाच. वनपासवर्डमध्ये मास्टर पासवर्डसोबत १२८ बिटांची वेगळी सीक्रेट की मिसळतात आणि ती सर्व्हरवर नसतेच, त्यामुळे नुसता व्हॉल्ट चोरून अंदाज मारण्यात अर्थ उरत नाही, मात्र पैसे पडतात.

टू-फॅक्टर (पासवर्डसोबत ओटीपीही मागणारं लॉगिन) चालू ठेवाच, पण ओटीपी विचारतो तो सर्व्हर, लॉगिन करताना. चोरीला गेलेली फाइल ओटीपी विचारत नाही, तिथे फेऱ्या आणि तुमचे पाच शब्द एवढंच कामाला येतं.