कॉम्प्रेसर घेताय? आधी व्होल्टेज मोजा

छपरीत सुतारकाम करणारे, ट्रॅक्टरचं रेडिएटर घरीच हवा मारून साफ करणारे, दाराखिडक्यांना स्प्रेनं रंग देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. कॉम्प्रेसर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, आवाज कमी करणारा कोणता?" दुकानदार खोक्यावरचा डेसिबलचा आकडा दाखवतो आणि सौदा पुढं सरकतो.

त्या आकड्याशेजारी अंतर लिहिलेलं नसेल तर तो फारसा कामाचा नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे ४ मीटरवरून मोजलेले ६० डेसिबल १ मीटरवर ७२ होतात. त्यात ही पट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र साधारण दुप्पट वाटतं. ७० आणि ९० यांत कानाला चौपटीचा फरक पडतो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. टिनाच्या शेडमध्ये तर मोकळ्या जागेचं गणितच बसत नाही. आवाज टिनावरून परततो आणि टिनही थरथरून त्यात भर घालतं.

आवाजाचं मूळ पंपाच्या वेगात आहे. हातात उचलून नेता येणाऱ्या स्वस्त कॉम्प्रेसरमध्ये पंप थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दोन पोलची मोटर मिनिटाला २८००च्या आसपास फिरते आणि पिस्टनही तितक्याच वेळा खालीवर होतो. चार पोलची मोटर १४४० वर चालते. 'सायलेंट' म्हणून मिळणारे बिनतेलाचे बरेच कॉम्प्रेसर याच जातीचे. पट्ट्यावर चालणाऱ्यात मोठ्या पुलीमुळं पंपाचा वेग ७०० ते ९०० वर येतो. तो अगदी मुका नसतो, पण त्याची गुरगुर किंचाळण्यापेक्षा सुसह्य. प्रत्येक फेरीला पंप हवा ओढतो तो झटका फिल्टरच्या तोंडातून बाहेर पडतो, आणि एकूण गोंगाटात याचा वाटा मोठा असतो. म्हणून फिल्टरला जाड नळी जोडून तिचं तोंड भिंतीबाहेर, सावलीच्या बाजूला काढलं तर बराच फरक पडतो. पायाखाली रबर हवंच. सगळं यंत्र पेटीत कोंडून ठेवू नका, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

किती मोठा घ्यायचा हे टाकीवरून ठरवू नये. ५० लिटरच्या टाकीतलं प्रेशर ८ वरून ६ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो) आलं, तर बाहेर पडलेली मोकळी, म्हणजे न दाबलेली हवा जेमतेम १०० लिटर. स्प्रे गनला मिनिटाला १५० ते ३०० लिटर लागते, म्हणजे ही शिल्लक मिनिटभरही पुरत नाही. पुढं पंपानंच पुरवायचं. खिळे मारायच्या गनला मात्र एका खिळ्याला लिटर-दोन लिटर पुष्कळ झाले. विकणारे अनेकदा पिस्टननं कागदावर ढकललेली हवा सांगतात. आपण ७ किलोला प्रत्यक्ष किती बाहेर येते ते विचारायचं. लहान यंत्रात तो आकडा बऱ्याचदा दोनतृतीयांशच भरतो.

आता टिकण्याचं. गावात कॉम्प्रेसर बहुतेक मरतो तो विजेनं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत पंप सुरू झाले आणि घरातलं व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं, तर सुरू होण्याचा जोर ६१ टक्केच उरतो. मोटर हुंकार देत अडकून बसते, करंट ओढत राहते, आधी कंडेन्सर जातो आणि मग वाइंडिंग. वायर पातळ असेल तर दुष्काळात तेरावा महिना. तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर ३० मीटर लांब नेली आणि दोन एचपीच्या मोटरनं सुरू होताना ५० अँपिअर ओढले, तर सुमारे ३६ व्होल्ट वायरमध्येच जातात. चार स्क्वेअर एमएमची टाकली तर हेच नुकसान १४ वर येतं. म्हणून दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी शेडमध्ये ग्राइंडर चालू ठेवून बोर्डावर मल्टिमीटर लावून बघा. रीडिंग २०० च्या खाली येत असेल तर दोन एचपीचा मोह सोडा, एकाचा घ्या.

याहून लबाड भानगड लोडशेडिंगची आहे. टाकी भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो आणि त्याच क्षणी 'फुस्स' असा आवाज येतो. पंपाच्या डोक्यात आणि नळीत कोंडलेली हवा एका छोट्या झडपेतून सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळ्या पिस्टननं सुरुवात करता येते. पण ही झडप स्विचच्या खटक्यालाच जोडलेली असते. मधेच लाइट गेली तर खटका पडत नाही, फुस्स होत नाही. लाइट आली की मोटरला डोक्यातली हवा दाबतच फिरायचं असतं, आणि तीही नेमकी व्होल्टेज पडलेलं असताना. उपाय फुकटातला आहे: लाइट गेली की स्विचचा दांडा हातानं बंद करायचा, फुस्स ऐकायचं, मगच शेडबाहेर पडायचं.

उष्णतेचा हिशेब वेगळाच. सायकलचा पंप जोरात मारला की नळी तापते, तेच इथं जास्त तीव्रपणे होतं. नवतप्यातली ४५ अंशांची हवा एका दमात ७ किलोपर्यंत दाबली आणि उष्णता कुठंच गेली नाही, तर तापमान ३०० अंशांवर जाईल. लोखंडी सिलिंडरच्या पात्या त्यातली बरीच काढून घेतात, तरी डोकं हात लावण्यासारखं नसतं. बिनतेलाच्या पंपातलं टेफ्लॉनचं रिंग अशा उन्हात लवकर झिजतं. रोज तासन्‌तास काम असेल तर मी तेलाचा, पट्ट्याचा, लोखंडी पंपाचा कॉम्प्रेसरच घेईन. त्यात कॉम्प्रेसरचंच तेल घालावं, गाडीचं नाही. गाडीच्या तेलातल्या मिश्रणानं तापलेल्या झडपांवर काजळी धरते. कापसाच्या हंगामात फिल्टर दर आठवड्याला उघडून बघा, तंतू भरून तो गच्च होतो.

पावसाळ्यात प्रश्न पाण्याचा. ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला २४ ग्रॅम बाष्प सहज असतं. ती दाबून थंड झाली की त्यातलं २० ग्रॅम पाणी होऊन खाली बसतं. मिनिटाला १०० लिटर देणारा कॉम्प्रेसर तासभर चालला, तर टाकीत सुमारे १२० मिली. हे पाणी रंगात फोड आणतं आणि टाकी आतून खातं. रोज तळाचा कॉक उघडायचा.

पैसे वाचवायला जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि गॅसचं सिलिंडर जोडणारे कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. फ्रीजचा पंप खरंच शांत असतो, पण त्याची हवा बारीक ब्रशपुरतीच, आणि तो परत येणाऱ्या थंड गॅसनं गार राहतो. नुसत्या हवेवर तापून बसतो. सिलिंडरला तळाचा कॉकही नाही आणि कॉम्प्रेसरचा सेफ्टी वॉल्वही नाही. पीव्हीसीचा पाइप तर हवेला लावूच नये, फुटला की त्याच्या ठिकऱ्या उडतात. सेकंडहँड बघायला गेलात तर टाकीतली हवा आधी सोडून द्या, प्रेशर अगदी उतरलं की तळाचा कॉक उघडून खाली पांढरं फडकं धरा. तांबूस पाणी आलं, तर मोटर कितीही गोड चालत असली तरी ती टाकी घेऊ नका.