वेतनाऐवजी लाभ : माजी मालकाकडून मिळालेली तडजोडीची रक्कम

माजी मालकाशी चाललेला वाद मिटल्यावर कर्मचाऱ्याच्या हाती जी रक्कम पडते, तिच्यावरील प्राप्तिकर भारतात मुख्यतः ‘वेतनाऐवजी लाभ’ या संज्ञेखाली ठरतो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १७(३) मध्ये ती दिली आहे. नोकरी संपल्याबद्दल किंवा तिच्या अटी बदलल्याबद्दल मालकाकडून अथवा माजी मालकाकडून येणे असलेली वा मिळालेली भरपाई तीत मोडते. नोकरी सुटून किती वर्षे लोटली याने फरक पडत नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. संकल्पनेचा गाभा तोच आहे. उपलब्ध निकाल १९६१ च्या अधिनियमावरचे असल्याने येथे जुनेच क्रमांक दिले आहेत.

संकल्पनेचा मागोवा बहुधा शॉ वॉलेस खटल्यापर्यंत नेला जातो. कलकत्त्याच्या या कंपनीची एजन्सी संपुष्टात आल्याबद्दल मिळालेली भरपाई म्हणजे ‘उत्पन्न’ नव्हे, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९३२ मध्ये दिला. मात्र तो वाद एजन्सीचा होता, चाकरीचा नव्हता. त्यामुळे त्याला या संकल्पनेचा थेट पूर्वज मानण्यापेक्षा पार्श्वभूमी मानणे अधिक सयुक्तिक. खरा धागा १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ७ खालील स्पष्टीकरणात सापडतो. त्याच्या जुन्या शब्दरचनेत केवळ नोकरी गेल्याची भरपाई, म्हणजे जी पूर्वीच्या सेवेचा मोबदला नाही अशी रक्कम, करातून वगळली होती. ही सूट १९५५ च्या सुमारास काढून घेण्यात आली आणि १९६१ च्या अधिनियमाने नवी व्याख्या पुढे चालवली. नोकरी गेल्याची भरपाई ही भांडवली प्राप्ती आहे, म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे, हा युक्तिवाद आजही पुढे येतो तो या जुन्या वगळणीच्या आधाराने. पण सध्याच्या शब्दांपुढे त्याला फारसे बळ उरलेले नाही.

मतभेद आहे तो स्वेच्छेने दिलेल्या रकमेबाबत. मालकावर कोणतेही कायदेशीर बंधन नसताना त्याने सानुग्रह दिलेली रक्कम ‘भरपाई’ ठरत नाही, कारण भरपाईच्या मुळाशी हक्क असावा लागतो, असे मत दिल्ली व गुजरात उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत घेतले आहे. कामावर रुजू होण्यापूर्वीच नियुक्ती नाकारल्याबद्दल मिळालेली रक्कम वेतनाच्या सदरात येत नाही, कारण मालक-नोकर नातेच जुळले नव्हते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. हे निकाल तडजोडीच्या प्रकरणांत सर्रास पुढे केले जातात. पण कामगार न्यायालयात दावा उभा असताना, तो मागे घेण्याच्या बदल्यात मालक जे देतो ते निव्वळ स्वेच्छेचे दान म्हणणे कठीण आहे. शिवाय २०१८ च्या वित्त अधिनियमाने कलम ५६(२)(xi) घालून नोकरी संपण्याशी निगडित कोणतीही भरपाई, वेतनात न बसल्यास, ‘इतर मार्गांनी मिळालेल्या उत्पन्ना’त ओढली आहे. त्यानंतरच्या वर्षांसाठी जुन्या निकालांवर विसंबताना सावधगिरी हवी.

तडजोडीतील रक्कम क्वचितच एकजिनसी असते. महाराष्ट्रातील कामगार व औद्योगिक न्यायालयांत दोन्ही पक्ष सहीची तडजोड पुरशिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल करतात आणि तीत पुष्कळदा ‘सर्व मागण्यांपोटी पूर्ण व अंतिम’ असे म्हणून एकच आकडा लिहिलेला असतो. करासाठी मात्र त्या आकड्याची फोड लागते. थकीत वेतन हे वेतनच. ग्रॅच्युइटीला कलम १०(१०) खाली (बिगरसरकारी कर्मचाऱ्यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत), रजेच्या रोखीकरणाला कलम १०(१०एए) खाली (२०२३ पासून २५ लाखांपर्यंत) आणि कामगाराच्या छाटणी भरपाईला कलम १०(१०बी) खाली सूट मिळते. पुरशिशीत फोड नसेल तर ही सूट सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर येऊन पडते आणि हक्काची सूट हातची जाते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक बाबीचा आकडा वेगळा लिहून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. अर्थात नुसते नाव बदलून रकमेचे स्वरूप बदलत नाही. प्राप्तिकर खाते मूळ मागणी तपासू शकते.

छाटणी भरपाईची सूट तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याइतकी असते : प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली) च्या कलम २५एफ प्रमाणे येणारी रक्कम आणि ५ लाख रुपये. कलम २५एफ प्रमाणे दर पूर्ण वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचे सरासरी वेतन धरतात. हे १५ दिवस महिन्याच्या २६ दिवसांवर काढायचे की ३० वर, हा प्रश्न बराच काळ धुमसत होता. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात २६ चा भाजक स्पष्ट लिहिला आहे, तसा येथे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गुरू जंभेश्वर विद्यापीठाच्या खटल्यात ३० च्या बाजूने कौल दिला. महिना २६,००० रुपये वेतन आणि १२ वर्षे सेवा धरल्यास ३० च्या भाजकाने १,५६,००० रुपये येतात, २६ च्या भाजकाने १,८०,००० आले असते. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्या कामगाराने नंतर तडजोड केल्यास ती ‘छाटणी’ म्हणता येईल का, हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण शिक्षा म्हणून झालेली सेवासमाप्ती छाटणीच्या व्याख्येबाहेर आहे. छाटणी भरपाई एखाद्या निवाड्यान्वये ‘किंवा अन्यथा’ मिळाली तरी सूट देणारी कलम १०(१०बी) ची शब्दरचना उदार असली तरी मुळात छाटणी झालेली असणे ती गृहीत धरते.

थकीत वेतन अनेक वर्षांचे असले तरी, त्यावर आधी कर लागला नसल्यास, ते मिळाल्याच्या वर्षात करपात्र होते. अन्यायाने काढलेल्या कामगाराला पूर्ण मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सांगितले. अशी रक्कम एकदम हाती आली की कराचा टप्पा वर जातो. त्यावर कलम ८९ चा उतारा आहे : रक्कम त्या त्या वर्षांत विभागून कर पुन्हा मोजायचा आणि जो जादा भार पडला असेल तो वजा करायचा. त्यासाठी नमुना १०ई ऑनलाइन भरावा लागतो, तोही विवरणपत्राच्या आधी. तो राहिल्यास सवलत नाकारल्याची नोटीस येते.

विवरणपत्रात वेतनाच्या तक्त्यात कलम १७(३) साठी स्वतंत्र रकाना असतो. माजी मालकाने कलम १९२ खाली करकपात करून नमुना १६ (करकपातीचे प्रमाणपत्र) द्यायचा असतो. तो मिळाला नाही तरी उत्पन्न दाखवण्याची जबाबदारी टळत नाही. कापलेला कर २६एएस या वार्षिक कर-विवरणात पडताळून घ्यावा. वकिलाची फी वेतनातून वजा होत नाही, कारण कलम १६ मध्ये प्रमाणित वजावट, व्यवसायकर व सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता यांपलीकडे काही नाही. दीर्घ लढा दिलेल्या कामगारावर हा नियम कठोर आहे.

अमेरिकेतील मराठी नोकरदारांना लागू असणारी पद्धत निराळी आहे. तेथे थकीत वेतन डब्ल्यू-२ या वेतनाच्या नमुन्यावर आणि इतर नुकसानभरपाई सहसा १०९९-एमआयएससी या इतर उत्पन्नाच्या नमुन्यावर कळवली जाते. १९९६ च्या दुरुस्तीनंतर करमुक्ती शारीरिक इजा वा आजार यांपोटीच्या भरपाईपुरती आहे; निव्वळ मानसिक त्रासाची भरपाई, त्यावरील औषधोपचाराचा खर्च वगळता, करपात्र ठरते. भेदभावाच्या दाव्यांतील वकिलाची फी मात्र तेथे २००४ च्या कायद्यापासून एकूण उत्पन्नातूनच वजा करता येते.