कर सल्लागारीतून सीएकडे (इंदूर)

विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय करणाऱ्याने भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या (आयसीएआय) परीक्षा देऊन लेखापरीक्षणाचा आणि प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार मिळवणे, म्हणजे ही वाटचाल. इंदुरात या वाटेवरची माणसे सहज भेटतात. मध्य प्रदेशच्या वाणिज्यिक कर विभागाचे मुख्यालय महात्मा गांधी मार्गावरच्या मोती बंगल्यात आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठही शहरातच आहे. रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरातला मुलगा बीकॉम होऊन एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बसू लागला, की चार-पाच वर्षांत रिटर्न, नोटिसांची उत्तरे आणि जीएसटीचे मासिक काम त्याच्या हातात बसते. पुढे काय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

अधिकाराची रेषा. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २८८ने करदात्याच्या वतीने हजर राहण्याची मुभा वकील आणि सीए यांच्याप्रमाणे वाणिज्य पदवीधरालाही दिली. जीएसटीत, म्हणजे १ जुलै २०१७पासून, नियम ८३खाली जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी होते. त्यामुळे अनुभवी सल्लागार अधिकाऱ्यासमोर सीएच्या तोडीने बाजू मांडू शकतो, आणि कित्येकदा मांडतोही. अडते ते सहीपाशी. व्यवसायाची उलाढाल १ कोटी रुपयांच्या वर गेली (रोखीची जमा आणि रोखीचा खर्च प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० कोटींच्या वर) की टॅक्स ऑडिट (१९६१च्या कायद्यात कलम ४४एबी) लागते आणि त्या अहवालावर फक्त सीए सही करतो. २०१९पासून त्या सहीसोबत १८ अंकी यूडीआयएन (त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालावा लागतो, म्हणजे कुणी कशावर सही केली हे नंतर ताडून पाहता येते. वर्षभर ज्या दुकानदाराची वही आपण सांभाळली, त्याची फाईल सप्टेंबरात दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची, हे अनेकांना लागते. परीक्षेचा फॉर्म भरण्यामागे बऱ्याचदा हीच सल असते.

परीक्षा. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा टाळून थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. जुलै २०२३पासून लागू झालेल्या योजनेत इंटर आणि फायनल दोन्हींना सहा-सहा पेपर, दोन ग्रुपांत. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपात एकूण ५० टक्के लागतात. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे. सल्लागाराचा जुना अनुभव मात्र तिच्यात धरला जात नाही, आणि संस्थेच्या परवानगीशिवाय त्या काळात दुसरा व्यवसाय करता येत नाही. जमलेली गिऱ्हाईके दोन वर्षे कुणाच्या तरी हवाली करायची आणि स्टायपेंडवर घर चालवायचे, हा या वाटेवरचा सर्वांत अवघड भाग. अभ्यासक्रमाची भीती त्यामानाने कमी.

सवय आणि कायदा. हाताला वळण पडलेल्या माणसाला फायनलचा प्रत्यक्ष कराचा पेपर सोपा जाईल असे वाटते. तसे होत नाही. १९६१चा कायदा लागू असतानाचा, संयोगितागंजच्या (छावणीच्या) धान्य मंडईतला व्यापारी घ्या. त्याने एका शेतकऱ्याला सोयाबीनचे १,४०,००० रुपये रोख दिले. १९६१च्या कायद्याचे कलम ४०ए(३) एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च नामंजूर करते, म्हणून ऑफिसातला हात त्या व्हाउचरवर लाल खूण करतो. परीक्षेत इथून पुढे विचारतात. नियम ६डीडीप्रमाणे शेतमालाचे पैसे पिकवणाऱ्यालाच दिले असतील तर खर्च मंजूर होतो, म्हणून मंडईचे भुगतान पत्रक (पैसे चुकते केल्याचा कागद) पाहायचे : नाव शेतकऱ्याचे आहे की दुसऱ्या व्यापाऱ्याचे? व्यापाऱ्याचे निघाले तर ही सूट गेली. आणि रक्कम २,१०,००० असती तर? व्यापाऱ्याचा खर्च तरीही वाचतो, पण कलम २६९एसटीखाली २ लाख किंवा जास्त रोख घेणारा शेतकरी तेवढ्याच दंडाला पात्र ठरतो. लाल खूण चुकीची नव्हती, अर्धवट होती. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याची मूळ संहिता) उघडून परंतुकापर्यंत वाचायची सवय लागली की जुना अनुभव खरा कामाला येतो. ती लागली नाही तर तोच अनुभव आडवा येतो.

१ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायदा २०२५ने पाठांतराचा आधार आणखी काढून घेतला. ८१९ कलमांच्या जागी ५३६ कलमे आली, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले, ४४एबीचे टॅक्स ऑडिट कलम ६३मध्ये गेले. तरुण विद्यार्थी आणि वीस वर्षे मुरलेला सल्लागार या बाबतीत एका रेषेवर आले.

भाषा. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याचा पक्षकार हिंदीत बोलतो, कायदा इंग्रजीत वाचावा लागतो, आणि रात्री आईला ‘ग्रुप निघाला’ हे मराठीत सांगायचे असते. अवघड कलम आधी आपल्या भाषेत स्वतःला समजावून मग इंग्रजीत लिहिणे, हा उपाय खरोखर लागू पडतो.

त्यापुढे. सीए झालेल्यांसाठी संस्थेचा आंतरराष्ट्रीय करआकारणीचा डिप्लोमा आहे. ब्रिटनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनची (स्थापना १९३०) ‘एडीआयटी’ ही पदविका भारतात राहूनही घेता येते. इंदूरशेजारच्या, धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात वाहन आणि औषध उद्योगांचे कारखाने आहेत. त्यातल्या ज्यांचे परदेशी सहयोगी कंपनीशी व्यवहार असतात, त्यांना ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे त्या व्यवहारांतल्या किमतींचा, अहवाल द्यावा लागतो. १९६१च्या कायद्यात तो कलम ९२ई आणि फॉर्म ३सीईबीचा होता, आणि त्यावरही सही सीएचीच लागत असे.