कुत्र्याचा केस कुठं पडणार, एवढंच आपल्या हातात

सकाळी आई केरसुणी घेऊन हॉलमध्ये येते आणि ओरडते, "काय रे हे, काल रात्रीच झाडलो की नाही मी?" (बेळगावात बायकापण 'झाडलो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याची लई गंमत वाटते.) कपाटाखालून पिवळसर केसांचा एक गोळा पंख्याच्या वाऱ्यानं घरंगळत येतो आणि त्या केसांचा मालक, आमचा लॅब्रॅडॉर टायगर, उंबऱ्यात आडवा पडून शेपूट आपटत असतो. 3 वर्षं झाली हे चाललंय. खोबरेल तेल झालं, टॉनिक झालं, शेजारच्या अक्कांनी सांगितलेली कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली, केस काय थांबले नाहीत. थांबणारपण नाहीत, धडधाकट कुत्र्याचे केस गळणं हा आजारच नाही मुळात.

केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबते, मग तो नुसताच कातडीच्या भोकात अडकून बसतो आणि खालून नवा केस यायला लागला की सुटतो. आपल्या डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढतच राहतो म्हणून तर न्हाव्याचं दुकान चालतं. पूडल कुत्र्याचं तसंच, बहुतेक केस वाढीला लागलेले, त्यामुळं गळतात कमी पण कापत बसावं लागतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांचं उलटं, कधीपण बघा, बरेचसे केस वाढ संपवून सुटायची वाट बघत बसलेले. त्यात एका भोकातून एकच केस येत नाही, एक जाड राठ केस आणि त्याच्या बाजूला बारीक मऊ केसांचा झुबका. हा मऊ थर म्हणजे थंडीतली रजई. टायगरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या गार पाण्यात मासेमारांबरोबर काम करायचे, ती रजई पोरगं इथं मे महिन्यात घालून फिरतंय.

आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ कुत्रा, ज्याचं 2005 साली पोस्टाचं तिकीट निघालं, तो इथल्याच उन्हातला. आखूड गुळगुळीत केस, आत रजई जवळजवळ नाहीच. केस त्याचेपण गळतात पण गोळे होत नाहीत.

कुत्रा वर्षातून दोनदा केस टाकतो असं वाचायला मिळतं, ते थंड देशांचं गणित आहे. केसांचा सीझन मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतो. डोळ्यांत किती तास उजेड पडला त्यावर मेंदूतलं मेलाटोनिन नावाचं हार्मोन कमीजास्त होतं आणि तिथनं केसांच्या मुळांना निरोप जातो. लंडनमध्ये उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यातला 8 तासांचापण नाही. बेळगावात सगळ्यात मोठा दिवस 13 तासांचा आणि सगळ्यात लहान सव्वाअकरा तासांच्या आसपास, म्हणजे फरक 2 तासांचापण नाही, वर रात्री 11 पर्यंत हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू. टायगरच्या शरीराला उन्हाळा कुठला, हिवाळा कुठला हे नीट कळणार कसं? म्हणून थोडं थोडं बाराही महिने.

आता केस एकदा पडला की तो कपड्यात का घुसतो, हा मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. एक लांब केस घ्या, आईचा चालेल (विचारून घ्या), अंगठा आणि बोटात धरून लांबीच्या दिशेनं मागेपुढे चोळा. केस आपोआप एकाच बाजूला सरकत जातो, मुळाच्या बाजूला. कारण केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडं असतात, त्यामुळं मूळ पुढं करून तो सहज जातो, उलटा जाताना खवले अडतात. सोफ्यावर आपण बसतो, उठतो, घासतो, तेवढ्या प्रत्येक वेळी केस कापडात अजून आत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो, त्यामागं हेच खवले. म्हणून केसाळ चादर थेट मशीनमध्ये टाकणं म्हणजे केसांना घट्ट विणून घेणं, आधी कोरडी असताना अंगणात झटका. रबरी हातमोजा घालून एकाच दिशेनं पुसलं तर अजून चांगलं, रबराला केस चिकटतात, गोळा होऊन निघतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरला केस जास्त चिकटतात कारण घासल्यानं आलेला विजेचा भार हवेत निघून जात नाही. पावसाळ्यात तो त्रास कमी, पण ओल्या कुत्र्याचा वास बोनस.

आणि केरसुणी. आईला सांगायची हिंमत नाही पण इथं लिहितो: कोरडं झाडल्यानं केस गोळा होतात, पण शिंका आणणारी गोष्ट वर उडते. ॲलर्जी केसाची क्वचितच असते, ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, आणि त्यातले बारीक कण हवेत बराच वेळ तरंगतात. फडकं ओलं करून घट्ट पिळून पुसलेलं बरं. 'ॲलर्जी न करणारी जात' म्हणून महाग पिल्लू घेणाऱ्यांसाठी: 2012 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींचे केस आणि घरातली धूळ तपासली, कुठल्याच जातीला असं म्हणायला पुरावा मिळाला नाही.

एवढं सगळं करून शेवटी मी जे शिकलो ते साधं आहे, सुटायला आलेला केस आज ना उद्या पडणारच, तो हॉलमध्ये पडायच्या आधी ब्रशमध्ये पाडायचा. रोज संध्याकाळी परसात 10 मिनिटं, रबरी दातांचा ब्रश, केसांच्या दिशेनं. सगळं कातरून टाकायचा मोह मात्र नको. ओळखीतल्या एका पॉमेरेनियनला मे महिन्यात तासून काढलं, दिवाळी आली तरी पाठीवर केस धड आले नव्हते, या जातीत हे होतं. माणसांचा शाम्पूपण नको, आपली कातडी आंबट बाजूची, कुत्र्याची जवळजवळ न्यूट्रल, आपल्या शाम्पूनं ती कोरडी पडते आणि कोंडा वाढतो. एका ठिकाणी टक्कल पडलंय, खाजवून खाजवून लाल झालंय किंवा दोन्ही कुशींवर सारखंच विरळ व्हायलंय, तर मात्र ते नेहमीचं गळणं नव्हे, डॉक्टरकडं न्या.

ब्रशमधले केस मी आधी चिमण्यांना घरट्यासाठी म्हणून पेरूच्या फांदीवर ठेवायचो, फार पुण्याचं काम वाटायचं. मग वाचलं की ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या घरट्यांतल्या केसांत गोचिडावरच्या औषधाचे अंश सापडलेत आणि टायगरच्या मानेवर तसलंच औषध दर महिन्याला आम्ही ओततो. आता केस पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत. पेरूवर आई सुतळीचे तुकडे ठेवते.