नाण्यांच्या छायाचित्रांचा साखळीखेळ

नाण्यांच्या छायाचित्रांचा साखळीखेळ हा नाणेसंग्राहकांच्या गटांत खेळला जाणारा छंदखेळ आहे. भेंड्यांमध्ये मागच्या गाण्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचे गाणे उचलतात, तसे येथे एकाने आपल्या संग्रहातील नाण्याचे छायाचित्र मांडायचे आणि पुढच्याने त्याच्याशी धातू, साल, टांकसाळ, किंमत किंवा चित्र यांपैकी काहीतरी जुळणारे नाणे दाखवायचे असते. नाणे स्वतःचे असावे आणि छापा व काटा दोन्ही दिसावेत, असा संकेत आहे.

कोकण किनाऱ्यावरील संग्राहकांना या खेळासाठी मोठे वैविध्य हाताशी असते. रायगडावर १६७४ मध्ये शिवराज्याभिषेक झाला, वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडे होती आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे होते. त्यामुळे शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे), पोर्तुगीज नाणी आणि कंपनीचा पैसा एकाच घरातील पेटीत सापडू शकतात. उदाहरणार्थ, कोणी १८०४ चा तराजूचा पैसा मांडला, की त्यावरील कंपनीच्या चिन्हाचा धागा धरून १८३५ चा पाव आणा पुढे येतो. पाव आणा म्हणजे एक पैसा, म्हणून त्यानंतर १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा येतो आणि कांस्य हा समान धातू धरून साखळी १९५७ च्या नव्या पैशापर्यंत पोहोचते.

खेळाचे खरे मोल मात्र शिवराईच्या बाबतीत कळते. तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. हाताने ठोकलेला ठसा पुष्कळदा तांब्याच्या चकतीहून मोठा असे. त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर उमटलेला क्वचितच आढळतो. एका शिवराईवर ‘श्री’ची वेलांटी आणि कडेचे ठिपके येतात, पण ‘शिव’ चकतीबाहेर राहतो; दुसरीवर नेमके उलट घडते. एकाच ठशाची नाणी दापोली, मालवण, अलिबाग अशा निरनिराळ्या ठिकाणांहून मांडली गेली, तर अक्षरांचे तुटके भाग एकमेकांना पुरे करतात आणि मूळ ठसा वाचता येतो. एकट्याच्या संग्रहातून हे सहसा साधत नाही. ‘सिव’, ‘सीव’, ‘पती’ असे लेखनभेदही शेजारी ठेवून पाहिल्यावरच नजरेत भरतात. शिवराई महाराजांच्या पश्चात पेशवाईतही दीर्घकाळ पाडली जात होती, आणि अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई त्या उत्तरकाळातील आहे. हाती आलेली प्रत्येक शिवराई शिवकालीन समजण्याची नवशिक्यांची चूक अशा तुलनेने दुरुस्त होते.

छायाचित्र पडवीत, एका बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, गडद कापडावर आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून काढावे; तिरप्या उजेडाची सावली झिजलेल्या अक्षराच्या कडेला पडते आणि समोरून मारलेल्या झोतात सपाट वाटणारे अक्षर उठून दिसते. नाणे आधी घासू नये. देवघरातील तांब्याची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख करण्याची घरोघरची सवय नाण्यांना फार बाधते, कारण आंबटपणाने वरचा जुना थर निघतो आणि त्याबरोबर बारीक रेषाही जातात. खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवी भुकटी धरू लागली असेल, तर ते नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे.

जमिनीत सापडलेली नाणी या खेळात मांडण्याआधी १८७८ चा निखात निधी कायदा लक्षात घ्यावा लागतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा मिळाल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्बंध आहेत. छायाचित्र पाठवण्यास मात्र अशी आडकाठी नाही.