हरभऱ्याला मर लागली तर पाणी देऊन काय होणार?

रब्बीत शेतकरी ग्रुपवर एक फोटो हमखास येतो, हिरव्यागार हरभऱ्यात मधेच चार-दोन झाडांनी माना टाकलेल्या, आणि खाली सल्ला, "पाणी द्या भाऊ, ताण बसलाय". पाणी देतात आणि झाडं तरी जातात, कारण मर रोगात पाणी जमिनीत असतंच, ते वर जायची वाट बंद झालेली असते.

हे काम फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचं. हरभऱ्यावर तिचा एक प्रकार, मसुरीवर दुसरा, पद्धत तीच. कोवळ्या मुळीतून शिरते आणि थेट जलवाहिनी गाठते, शाळेत शिकलेलं झायलेम. पुढचं मला सगळ्यात भारी वाटतं. धागा वाढवत वर जायला वेळ लागतो म्हणून ती वाहिनीच्या आतच बारीक बीजाणू (बुरशीची बीजासारखी कणं) सोडते आणि ते झाडाच्याच पाण्याबरोबर वर निघतात, वाहिनीत आडवी भिंत आली की अडकतात, तिथेच रुजतात, धागा पलीकडे घालतात, पलीकडे परत नवे बीजाणू, परत प्रवास. केळीच्या मरवरच्या संशोधनात हे छान उलगडलंय. झाडही गप्प बसत नाही, शेजारच्या जिवंत पेशी फुगून वाहिनीत घुसतात (टायलोसिस), चिकट जेलही सुटतं. प्रतिकारक झाडात हे वेळेवर होतं आणि बुरशी खालीच कोंडते, नाजूक वाणात उशिरा होतं, तोवर बीजाणू वर पोचलेले, मग झाड आपल्याच वाहिन्या बुजवत बसतं.

पाणी वर गेलं नाही की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून पाण्याची वाफ बाहेर पडणं, मंदावतं आणि पान तापतं, थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन नेमकं हेच टिपतो. पण "ड्रोन रोग ओळखतो" ही जाहिरात झाली, त्याला फक्त गरम पान दिसतं आणि पाण्याच्या ताणानेही पान तापतंच. खात्री करायला झाड उपटून बुंधा आणि मूळ ब्लेडने उभं चिरा, बाहेरून मूळ ठीक पण आत तपकिरी-काळी रेघ, म्हणजे मर. मूळ कोरडं, कटकन मोडणारं, बारीक मुळ्या गेलेल्या असतील तर मूळकूज. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर कॉलर रॉट, म्हणजे बुंधाकूज. नजर लागली म्हणून शेतात लिंबू-मिरची बांधतात त्यांनीही ही रेघ एकदा डोळ्याने बघावीच.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मुद्दाम रोगट ठेवलेल्या शेतात वाणं तपासतात, मधेमधे जेजी ६२ हे चटकन बळी पडणारं वाण लावून, ते सगळीकडे मेलं तरच शेजारी जगलेल्या वाणाला मर प्रतिकारक म्हणता येतं. आपल्याकडचं राहुरीचं विजय हे असंच मर प्रतिकारक वाण.

ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत ६ वर्षं तग धरते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा आणि फुलोऱ्यात एकदा शेतात फिरून चार-पाच ठिकाणी एकूण झाडं आणि मेलेली झाडं मोजा, टक्केवारी काढा, आणि कुठल्या कोपऱ्यात गेली ते वहीत नकाशा काढून ठेवा, पुढच्या रब्बीला तिथे हरभऱ्याऐवजी ज्वारी किंवा गहू घ्या.