झाड पडलं नाही, तरी जंगल तुटू शकतं: थेट आणि अप्रत्यक्ष जमीनबदल

‘आमचं इंधनपीक जुन्याच शेतात येतं, त्यासाठी एकही झाड पाडलेलं नाही.’ जैवइंधनाचा विषय निघाला की हा दावा हमखास होतो. तो खराही असतो. पण त्यातून अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, कारण इंधनपिकामुळे जमिनीचा वापर दोन प्रकारे बदलतो: थेट आणि अप्रत्यक्ष.

थेट बदल म्हणजे जंगल किंवा गवताळ रान मोडून त्याच जागी इंधनाचं पीक घेणं. झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन हवेत जातो, आणि जुनं-नवं उपग्रहचित्र शेजारी ठेवलं की कुठे काय झालं ते दिसतं. पेट्रोल-डिझेलऐवजी हे इंधन जाळून होणाऱ्या बचतीतून हे कार्बनचं कर्ज किती वर्षांत फिटेल, याचा हिशेब २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. ब्राझीलमधलं सेराडोचं रान मोडून ऊस लावला तर सुमारे १७ वर्षं. आग्नेय आशियातलं पीटभूमीवरचं (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीवरचं) जंगल तोडून पाम लावला तर सुमारे ४२३!

अप्रत्यक्ष बदलात शेत तेच राहतं, पीकही तेच. समजा, मका पशुखाद्याऐवजी इथेनॉलच्या कारखान्यात गेला. जनावरं खायची थांबत नाहीत. मक्याचा भाव चढतो आणि इथेनॉलशी काडीचा संबंध नसलेला कुणी शेतकरी दुसऱ्याच खंडात नवं रान मोडतो. उपग्रहाला ते रान दिसतं, पण ते कोणत्या पिकापायी मोडलं हे दिसत नाही. म्हणून हा बदल मोजता येत नाही. बाजाराच्या गणिती प्रारूपांतून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

आणि अंदाजांत प्रचंड तफावत आहे. अमेरिकी संशोधक टिमथी सर्चिंगर यांच्या २००८ मधल्याच अभ्यासात मक्याच्या इथेनॉलमुळे ३० वर्षांत उत्सर्जन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट होईल असं निघालं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत आकडा खूप खाली आला. चोथ्याचाही हिशेब धरावा लागतो: १०० किलो मक्यातून साधारण ४० लिटर इथेनॉल निघतं आणि ३० किलोच्या आसपास प्रथिनयुक्त चोथा उरतो, जो पुन्हा पशुखाद्यच होतो. त्यामुळे कारखान्यात गेलेला सगळाच मका अन्नसाखळीतून गेला असं धरणं चूक. मला खटकते ती गोष्ट वेगळीच. काही प्रारूपांत जैवइंधन चांगलं दिसतं, त्याचं एक कारण भाव वाढल्यावर लोक कमी खातात आणि तेवढी नवी जमीन लागत नाही, हे आहे. ही उपासमारीची बचत झाली!

युरोपीय संघाने दोन्ही बदलांना वेगवेगळे नियम लावले आहेत. जानेवारी २००८ मध्ये जिथे जंगल होतं, ती जमीन नंतर मोडून घेतलेलं पीक चालत नाही. ही थेट बदलाची तपासणी. अप्रत्यक्ष बदलावर शेतागणिक तपासणी चालतच नाही. म्हणून २०१५ मध्ये वाहतुकीच्या एकूण ऊर्जेतला अन्नपिकांच्या इंधनाचा वाटा उद्दिष्टात ७ टक्क्यांपर्यंतच धरायचा, अशी सरसकट मर्यादा आली. त्यामुळे कुणी ‘प्रमाणित’ इंधनाचा दाखला दाखवला, तर तो बहुतेकदा पहिल्या बदलापुरताच असतो.